पासवर्ड भलत्याच पानावर टाकला, आता मालकांना सांगू का?

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देतेय:

"मॅडम, मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत अकाउंट्स बघते. गेल्या सोमवारी ऑफिसच्या मेलवर 'तुमचा मेलबॉक्स भरलाय, आज व्हेरिफाय केलं नाही तर मेल बंद होतील' असा मेल आला. जीएसटीची गडबड चालू होती, मी लिंक उघडून पासवर्ड टाकला. पान परत तसंच आलं म्हणून दुसऱ्यांदा टाकला. मग काहीच झालं नाही. संध्याकाळी शंका आली पण कुणाला बोलले नाही. आता काल आमच्या पिग आयर्नवाल्या सप्लायरचा मेल आलाय, आमचं बँक खातं बदललंय, 15 तारखेचं पेमेंट नवीन खात्यात करा म्हणून. आमच्याच जुन्या मेलच्या खाली रिप्लाय आहे, खराच वाटतो. मालकांना सांगितलं तर नोकरी जाईल का? नुसता पासवर्ड बदलला तर चालेल का? ऑफिसात सगळ्यांचा पासवर्ड एकच आहे आणि तो मॉनिटरला चिकटवलाय. – एक अकाउंट्सवाली"

ताई, पहिलं म्हणजे ते पेमेंट थांबवा. नवीन खातं बेनिफिशियरीत टाकलं असेल तर काढून टाका, बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

आणि मालकांना आजच सांगा. उद्या नको, सोमवारी सावकाश बोलू असंही नको. तुम्हाला भीती वाटतेय ते मला कळतंय, तुमच्यासारख्या फॅक्टरीत अकाउंट्सच्या मुलीला लाख-दोन लाखांची चूक म्हणजे वर्षभराचा पगार डोळ्यासमोर येतो, पण आत्तापर्यंत तुमच्या हातून एक रुपयासुद्धा गेलेला नाहीये. गेलाय तो फक्त पासवर्ड. 15 तारखेला पैसे गेल्यावर हेच सांगायची वेळ आली तर ते बोलणं फार वेगळं होईल.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्या नोकरीत माझ्या हातून सर्व्हरवरचं एक आख्खं फोल्डर डिलीट झालं होतं, एका क्लायंटची दोन वर्षांची कागदपत्रं. लगेच सांगितलं असतं तर आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून दहा मिनिटांत परत मिळालं असतं. मी घाबरून गप्प बसले, आपणच काहीतरी जमवू म्हणून दोन दिवस गेले, आणि तेवढ्यात ठरल्याप्रमाणे रात्रीचा बॅकअप त्याच डिस्कवर परत लिहिला गेला, म्हणजे जिथे ते फोल्डर शिल्लक होतं तिथूनही ते गेलं. डिलीट करणं ही चूक दहा मिनिटांची होती, बाकीचं सगळं नुकसान त्या दोन दिवसांनी केलं. त्यानंतर सतरा वर्षं छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करताना हेच बघतेय, क्लिक सगळ्यांकडून होतं, शिकलेल्यांकडून होतं, आमच्यासारख्यांकडूनसुद्धा होतं, पण बुडतं ते ऑफिस जिथे क्लिक केलेला माणूस बोलायला घाबरतो.

आता तुमच्या मेलमध्ये नक्की काय झालं असणार ते सांगते, म्हणजे मालकांनाही समजावता येईल. ते पान तुमच्या मेल कंपनीचं नव्हतंच, तसं दिसणारं होतं. पहिल्यांदा पासवर्ड टाकला की मुद्दाम चुकला असं दाखवतात, कारण माणूस दुसऱ्यांदा नीट बघून टाकतो आणि त्यांना खात्री पटते. मग लगेच काही होत नाही, आणि याचीच मला जास्त काळजी वाटते. चोर तुमच्या मेलमध्ये शिरतो आणि शांतपणे वाचत बसतो. कोण सप्लायर, कुठलं बिल कधी द्यायचंय, तुम्ही मेलमध्ये नमस्कार लिहिता की गुड मॉर्निंग, हे सगळं तो बघतो. आणि मग मोठं पेमेंट जवळ आलं की त्याच चालू मेलच्या खाली रिप्लाय घुसवतो. तुम्हाला तो मेल खरा वाटला यात तुमचं काही चुकलेलं नाही, तो खरा वाटावा म्हणूनच त्याने आठवडाभर तुमचे मेल वाचलेत. शक्यता अशीही आहे की तुमचा नाही तर सप्लायरचा मेलबॉक्स फुटलाय, किंवा खरंच त्यांनी खातं बदललंय आणि हा निव्वळ योगायोग आहे. बसल्याजागी हे कुणालाच सांगता येणार नाही, त्यासाठी फोन लावायला लागतो.

फोनसुद्धा कुठल्या नंबरवर लावायचा हे महत्त्वाचं आहे. त्या मेलखाली जो नंबर आहे त्यावर अजिबात नाही, तो बदललेला असू शकतो. 'खातं खरंच बदललंय का' असा उलटा मेल तर मुळीच टाकू नका, उत्तर चोरच देणार, वर कॅन्सल्ड चेकचा फोटो आणि शिक्क्याचं लेटरहेडही पाठवणार. मागच्या वर्षीचं छापील बिल काढा, त्यावरचा नंबर घ्या, नाहीतर त्यांचा मार्केटिंगवाला जो दर महिन्याला येऊन चहा पिऊन जातो त्याला लावा. ओळखीच्या आवाजाशी बोला आणि खाते नंबर त्यांना म्हणायला लावा, तुम्ही वाचून दाखवून 'हाच ना' असं विचारू नका, कारण कामाच्या घाईत समोरचा हो म्हणून मोकळा होतो.

पाठवणाऱ्याचा पत्ताही अक्षर अक्षर बघा. छोट्या लिपीतलं इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, डॉट कॉमच्या जागी डॉट को असतं, मध्येच एखादी आडवी रेघ वाढलेली असते. पण पत्ता बरोबर निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका, मेलबॉक्सच फुटला असेल तर पत्ता खराच दिसणार.

इथे एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, अगदी वर्षानुवर्षं पेमेंट करणाऱ्यांनासुद्धा. चेकवर आपण नाव लिहितो आणि बँक ते बघते, म्हणून वाटतं की एनईएफटीतही नाव जुळलं तरच पैसे जात असतील. तसं नाहीये. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे खाते नंबरावर जमा होतात, तुम्ही नावाच्या रकान्यात सप्लायरचं नाव अगदी बिनचूक टाकलंत आणि नंबर दुसऱ्याचा असला तर पैसे दुसऱ्याला जातात. याच भोकातून इतकी वर्षं ही फसवणूक होत आलीय. रिझर्व्ह बँकेने आता बँकांना सांगितलंय की पैसे पाठवायच्या आधी त्या खात्याचं बँकेत नोंदलेलं नाव पाठवणाऱ्याला दिसलं पाहिजे, 1 एप्रिल 2025 पर्यंत सगळ्यांनी ही सोय द्यायची होती. तुमच्या नेटबँकिंगमध्ये बेनिफिशियरी घालताना ते नाव बघायची सवय लावा, दिसत नसेल तर शाखेत जाऊन विचारा, आणि फर्मच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं किंवा अनोळखी ट्रेडर्सचं नाव आलं तर तिथेच हात थांबवा.

बरं, आता मेलकडे वळू. 'नुसता पासवर्ड बदलला तर चालेल का' हा तुमचा प्रश्न फार चांगला आहे, कारण बहुतेक जण एवढंच करतात आणि मग महिन्याभराने परत तेच होतं. चालणार नाही. पासवर्ड आधी बदलाच, पण त्यानंतर सिक्युरिटीत जाऊन कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघून एकूण एक साइन आउट करा. रिकव्हरीचा फोन नंबर आणि दुसरा ईमेल तुमचाच आहे ना ते तपासा. आणि मग सेटिंगमध्ये दोन ठिकाणं आहेत जिथे सहसा कोणी जातच नाही, फॉरवर्डिंग आणि फिल्टर, आउटलुक असेल तर त्याला रूल्स म्हणतात. चोर आत आला की तिथे एक बारीक नियम लावून ठेवतो, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मेलची एक कॉपी त्याच्याकडे जाईल, किंवा त्या सप्लायरचा खरा मेल आला की तो इनबॉक्समध्ये न दिसता कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जाईल. पासवर्ड तुम्ही कितीही बदला, हा नियम तिथे तसाच राहतो आणि मेल गळत राहतात. तुम्ही न लावलेला असा नियम सापडला तर आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग काढा. जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर इनबॉक्सच्या अगदी तळाला उजवीकडे बारीक अक्षरात शेवटची ॲक्टिव्हिटी असते, तिथल्या डिटेल्सवर दाबलं की कुठून कधी लॉगिन झालं ते दिसतं, त्याचाही फोटो ठेवा.

तो खोटा मेल डिलीट करू नका. पुरावा आहे तो. लिंकवरून काही फाइल डाउनलोड झाली होती का हेही आठवा, झाली असेल तर त्या पीसीची नेटची वायर काढा आणि हे सगळं दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून करा, पीसी फॉरमॅट मारायची घाई नको.

तोच पासवर्ड जीएसटी, इन्कम टॅक्स, ई-वे बिल, नेटबँकिंग, कुठे कुठे वापरलाय? तुमच्या पत्रावरून मला वाटतंय सगळीकडेच. तर सगळीकडे बदला, बँकेपासून सुरुवात करा आणि सगळीकडे वेगवेगळा ठेवा.

आणखी एक, तुमच्या पत्रात नव्हतं पण मला जास्त धास्ती त्याची वाटते. तुमचा मेलबॉक्स चोराच्या हातात असेल तर तो फक्त तुम्हाला फसवणार असं कशावरून? तुमच्या नावाने तुमच्या गिऱ्हाइकांनाही तो असाच मेल टाकू शकतो की फाउंड्रीचं खातं बदललंय, कास्टिंगचं पेमेंट इकडे करा. म्हणून आजच तुमच्या मोठ्या पार्ट्यांना फोन करा, मेल नाही, फोन, आणि सांगा की आमचं खातं बदललेलं नाही, असा काही मेल आला तर आधी आम्हाला विचारा. याच्यासाठी तरी मालकांना सांगायलाच लागणार, कारण पार्टीला हा फोन त्यांनी केलेला बरा.

समजा पैसे गेलेच, तुमचे किंवा तुमच्या पार्टीचे, तर 1930 हा नंबर. सगळ्या देशासाठी आहे, आर्थिक फसवणुकीसाठीच आहे, आणि तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पण करता येते. यूटीआर नंबर (बँक प्रत्येक पेमेंटला देते तो), रक्कम, तारीख, वेळ, कुठल्या खात्यात गेले, एवढं हाताशी ठेवून फोन करा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणालातरी बँकेत पळवा. यात सगळा खेळ वेळेचा आहे, पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात फिरवून काढून घेतात, आणि जिथे अजून शिल्लक आहेत तिथेच बँक ते अडवू शकते. इंटरनेटवर 'सायबर हेल्पलाइन' असं शोधून येईल त्या नंबरवर मात्र फोन करू नका, तिथेही चोर बसलेत.

मालकांना काय बोलायचं ते सुचत नसेल तर साधं असं बोला: "साहेब, सोमवारी माझ्याकडून मेलचा पासवर्ड खोट्या पानावर टाकला गेलाय. काल पिग आयर्नवाल्यांच्या नावाने खातं बदलल्याचा मेल आलाय, मी पेमेंट थांबवलंय. मेलचा पासवर्ड बदललाय. पार्ट्यांना फोन करायला लागतील, ते तुम्ही करता का?" बस एवढंच. रडून नको, दहा कारणं पण नकोत, काय झालं आणि काय केलं. आणि त्यांना हेही सांगा की सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी असे प्रकार लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचे असतात, म्हणजे गप्प राहणं आता कायद्यालाही चालत नाही. ते कळवायचं काम मालकांचं आहे, तुमचं नाही, पण त्यांना माहीतच नसेल तर ते करणार कसे.

आणि हे वाचणारे जे मालक आहेत त्यांच्याशी दोन शब्द. तुमच्या ऑफिसातली मुलगी स्वतःहून येऊन सांगतेय म्हणजे तिने तुमचे पैसे वाचवलेत. तिथे चार लोकांसमोर तिच्यावर ओरडलात तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि ते चौघंही येणार नाहीत. चूक झाली तर पगारातून कापू असं जिथे म्हणतात तिथे मी काम घ्यायचं बंद केलंय, कारण तिथे मला कधीच वेळेवर काही कळत नाही.

मॉनिटरवरच्या चिठ्ठीबद्दल. ती आज काढा. पण ती का लागली तेही बघायला पाहिजे, माझा अंदाज असा की दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, त्यात कॅपिटल, आकडा, चिन्ह पाहिजे, असा कुणीतरी नियम केला असणार, मग लोक कंपनीचं नाव ॲट 123, पुढच्या महिन्यात 124 असं करतात आणि तेही लक्षात राहत नाही म्हणून चिकटवतात. ही महिन्या-तीन महिन्यांनी बदलायची आणि चिन्हं घालायची रीत 2003 सालच्या अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या कागदावरून जगभर पसरली, तो लिहिणारे बिल बर यांनीच 2017 मध्ये त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि निस्टनेही त्याच वर्षी नियम फिरवला, आता ते म्हणतात लांब पासवर्ड ठेवा आणि फुटल्याची शंका आली तरच बदला. तुमचा फुटलाय, म्हणून बदला. चार-पाच मराठी शब्द ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, घरातल्या अडगळीतल्या वस्तू, लहानपणीची एखादी जागा, असं काहीही, फक्त मुलांची नावं आणि गाडीचा नंबर नको. बाकीच्या ढीगभर पासवर्डांसाठी बिटवॉर्डनसारखं पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप, वापरा, त्याची फुकटची आवृत्ती एका माणसाला पुरते.

आणि प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन पाहिजे, टॅलीतसुद्धा. एकाच पासवर्डवर सहा जण बसले की चूक कुणाची हे कधी कळत नाही आणि संशय सगळ्यांवर येतो, सगळ्यात गरीब माणसावर आधी. मेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही विचारला जातो, शक्यतो मोबाइलवर कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचं. तेही शंभर टक्के नाही, खोट्या पानावर तुम्ही तो कोडही टाकला तर चोर तो त्याच मिनिटाला वापरतो, पण तुमचा पासवर्ड कुठून तरी गळला तर नुसत्या पासवर्डवर तो आत येऊ शकत नाही, हे खूप आहे. पासकीची सोय, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा पीसीच्या लॉकने लॉगिन, दिसली तर ती त्याहून चांगली, ती खऱ्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, खोट्या पानावर चालतच नाही.

मालकांची डिजिटल सिग्नेचर कुठे आहे? विचारतेय कारण दहातल्या निम्म्या ऑफिसांत तिचं पेन ड्राइव्हसारखं टोकन पीसीच्या मागे कायम खोचलेलं असतं नाहीतर सीएंच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्यावरच लिहून. ती मालकांची सही आहे, कायद्याने कागदावरच्या सहीइतकीच. कोरे सही केलेले चेक आपण असे ठेवत नाही ना.

टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेत असाल तर चांगलं आहे, पण घेऊन झाल्यावर तो काढून कपाटात ठेवता का? सांगली भागातल्या एका व्यापाऱ्याकडे मी गेले होते, रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आलेला, सगळ्या फाइल लॉक, आणि बॅकअपची ड्राइव्ह दोन वर्षं त्याच मशीनला लावलेली, म्हणजे तीही लॉक. ते गृहस्थ वह्या काढून परत एंट्र्या करायला बसले, तो चेहरा मी विसरत नाही. मोठ्यांचंही असंच होतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला, युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला, मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्यांच्या नेटवर्कचा कणा असलेल्या सर्व्हरच्या सगळ्या कॉप्या पुसल्या गेल्या, वाचली ती एकच, घानामधल्या ऑफिसातली, कारण नेमकी तेव्हा तिथे वीज गेली होती आणि ते मशीन नेटवर्कवर नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीला वीज जाण्याने तारलं. तुमच्याकडे दोन पेन ड्राइव्ह आळीपाळीने वापरा, एक कायम काढलेला आणि एक मालकांच्या घरी, आणि महिन्यातून एकदा त्यातून डेटा खरंच उघडतोय का ते दुसऱ्या पीसीवर बघा.

विंडोज 10 असेल तर मालकांच्या कानावर घाला, 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय. जेवायला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होते. व्हॉट्सॲप वेब ऑफिसच्या पीसीवर चालू ठेवून घरी जात असाल तर मोबाइलमधल्या लिंक्ड डिव्हाइसमध्ये जाऊन काढा.

शेवटी एक नियम कागदावर लिहून मालकांची सही घ्या, कॉम्प्युटरच्या नाही, पेमेंटच्या फाइलला लावायला: कुठल्याही पार्टीचं खातं बदललं तर जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय आणि दुसऱ्या एका माणसाने बघितल्याशिवाय पैसे जाणार नाहीत, मालकांचा स्वतःचा मेसेज आला तरी. ते शेवटचे शब्द मुद्दाम घालायला लावा, कारण मालकांचा फोटो डीपीला लावून 'मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको, अर्जंट टाक' असेही मेसेज येतात, आणि अशा वेळी फोन करायची परवानगी तुमच्याकडे लेखी असली पाहिजे.

15 तारखेला अजून वेळ आहे. जुनं बिल फाइलमधून काढा, त्यावरचा नंबर लावा, आणि त्यांचं काय उत्तर आलं ते मला कळवा, मी वाट बघतेय.